सरकार, कंपनी, संस्था आणि एकच तक्ता
वाचकांचे प्रश्न : सार्वजनिक आरोग्यातल्या भागीदारीसाठी डेटा सायन्स

प्रश्न : आमची स्वयंसेवी संस्था हिवतापावर काम करते. आरोग्य खातं, एक औषध कंपनी, एक मोबाइल कंपनी आणि विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग असे चौघे आता बरोबर यायला तयार आहेत. पहिल्याच बैठकीत ठरलं की आधी डॅशबोर्ड, म्हणजे सगळे आकडे एका पडद्यावर दाखवणारा तक्ता, करायचा. सुरुवात बरोबर आहे का?

उत्तर : डॅशबोर्ड थोडा थांबू द्या. आधी एका कागदावर एकच वाक्य लिहा : कोण, कोणत्या वारी, कोणता आकडा पाहून, काय करणार. उदाहरणार्थ, ‘जिल्हा भांडारातला फार्मासिस्ट दर सोमवारी, दोन आठवड्यांपेक्षा कमी साठा उरलेल्या केंद्रांची यादी पाहील आणि बुधवारपर्यंत तिथे माल पोचवेल.’ असं वाक्य जमलं की कोणता डेटा लागतो, किती दिवसांनी लागतो आणि कुणाकडून मागायचा हे त्यातूनच निघतं. वाक्य जमत नसेल तर आलेख कितीही देखणे झाले तरी तिसऱ्या महिन्यानंतर ते कुणी उघडत नाही.

टांझानियातला ‘एसएमएस फॉर लाइफ’ हा प्रयोग तुमच्या बेताशी जुळणारा आहे. तिथलं आरोग्य मंत्रालय, हिवतापाविरुद्धची आंतरराष्ट्रीय ‘रोल बॅक मलेरिया’ भागीदारी, औषध कंपनी नोव्हार्टिस, व्होडाफोन आणि आयबीएम यांनी तो २००९-१० मध्ये केला. ३ जिल्हे, १२९ आरोग्य केंद्रं, २१ आठवडे. केंद्रातल्या कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या मोबाइलवर दर आठवड्याला संदेश जायचा आणि त्याने शिल्लक साठा उलट कळवायचा : आर्टेमिसिनिन या हिवतापावरच्या औषधावर आधारित गोळ्यांची चार मापांची पाकिटं आणि क्विनिनचं इंजेक्शन, बस्स, पाच आकडे. संदेश फुकट होता आणि वेळेत उत्तर दिलं तर टॉकटाइम मिळायचा. सरासरी ९५ टक्के उत्तरं आली. पाचपैकी किमान एक औषध संपलेलं आहे अशा केंद्रांचं प्रमाण पहिल्या आठवड्यात ७८ टक्के होतं, ते २१व्या आठवड्यात २६ टक्क्यांवर आलं.

खरं शहाणपण त्या ‘पाच आकड्यां’त आहे. असा बेत आखताना प्रत्येक भागीदाराला आपला एकेक रकाना वाढवून हवा असतो. पाचाचे पंचवीस झाले की संध्याकाळी रांग संपवून मोबाइल हातात घेणारी परिचारिका अंदाजाने आकडे भरते, आणि मग पाचही बिघडतात. दुसरं म्हणजे, नवं अॅप करण्याआधी आरोग्य खात्याकडे डीएचआयएस-टू आहे का ते विचारा. ऑस्लो विद्यापीठात वाढलेली ही मोफत प्रणाली अनेक देशांत सरकारी आरोग्य नोंदींचा कणा आहे. ती असेल तर तुमचे पाच रकाने तिच्यातच घाला. एकाच माणसाला दोन ठिकाणी तोच आकडा भरायला लावणं हा त्याच्यावर अन्यायच आहे.

प्रश्न : आरोग्य खात्याच्या यादीत ३००० केंद्रं आहेत, आमच्या पुरवठादार भागीदाराच्या यादीत २५००. नावं जुळत नाहीत, दोघांचे सांकेतिक क्रमांकही वेगळे. हाताने जुळवायला बसलो तर किती दिवस जातील?

उत्तर : वेळ जाईल आणि तो घालवायलाच हवा, फक्त योग्य जागी. भागीदारीतलं निम्मं काम याच टप्प्यात असतं आणि अंदाजपत्रकात त्यासाठी बहुतेक वेळा एक रुपयाही धरलेला नसतो. म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

३००० गुणिले २५०० म्हणजे ७५ लाख जोड्या. सगळ्या तपासायची गरज नाही. दोन्ही याद्या आधी जिल्ह्यांत वाटा. ५० जिल्हे असतील आणि केंद्रं साधारण सारखी विभागलेली असतील तर प्रत्येक जिल्ह्यात ६० गुणिले ५०, म्हणजे एकूण दीड लाख जोड्या उरतात. जिल्ह्यांच्या हद्दी मधल्या काळात बदलल्या असतील तर शेजारच्या जिल्ह्यातही शोधा, नाहीतर सीमेवरची केंद्रं हरवतात.

मग नावं धुऊन घ्या. ‘सेंट जोसेफ मिशन डिस्पेन्सरी’, ‘एसटी जोसेफ डिस्प.’ आणि ‘जोसेफ दवाखाना (मिशन)’ ही एकच जागा असू शकते. संक्षेप उलगडा, विरामचिन्हं काढा आणि ‘दवाखाना’, ‘डिस्पेन्सरी’, ‘रुग्णालय’ हे प्रकार नावातून वेगळे काढून स्वतंत्र रकान्यात टाका. ते पुसून मात्र टाकू नका. एकाच आवारात रुग्णालय आणि दवाखाना दोन्ही असतात आणि त्यांचा औषधसाठा वेगळा असतो.

जुळणीचे गुण तीन गोष्टींवर द्या : नावातलं साम्य, प्रकार आणि नकाशावरचं अंतर. फेलेगी आणि सुंटर या संख्याशास्त्रज्ञांनी नोंदी जुळवण्यासाठी १९६९ मध्ये मांडलेली पद्धत अजूनही पायाभूत आहे. दुर्मीळ नाव जुळलं तर जास्त गुण, सर्रास आढळणारं नाव जुळलं तर कमी. एकूण गुणांवर दोन रेषा ओढा. वरच्या रेषेपलीकडच्या जोड्या मान्य, खालच्या रेषेखालच्या नामंजूर, आणि मधल्या सगळ्या जिल्हा कार्यालयातल्या माणसाकडे. ती जागा डोळ्यांनी पाहिलेला माणूस दिवसभरात जेवढ्या जोड्या सोडवेल तेवढ्या आठवडाभराच्या प्रोग्रॅमिंगने सुटत नाहीत.

नकाशावरचे बिंदू तपासल्याशिवाय वापरू नका. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल ही नेहमीची चूक आहे. दोन्ही आकडे शून्य असलेला बिंदू गिनीच्या आखातात पडतो. आणि दहा केंद्रांचे बिंदू तंतोतंत एकच असतील तर कुणीतरी जिल्हा मुख्यालयाचा बिंदू सगळ्यांना चिकटवलेला असतो.

शेवटी, मान्य झालेल्यांपैकी २०० जोड्या चिठ्ठी टाकून निवडा आणि हाताने तपासा. जोडी हुकली तर एक केंद्र तक्त्यातून गायब दिसतं आणि कुणीतरी ओरडतं. चुकीची जोडी जमली तर एकाचा साठा दुसऱ्याच्या नावावर दिसत राहतो आणि कुणालाच पत्ता लागत नाही. म्हणून वरची रेषा थोडी कडकच ठेवा. यादी तयार झाली की तिला एकच मालक द्या, तो आरोग्य खात्यातलाच असू द्या. केंद्र बंद झालं तर त्याचा क्रमांक दुसऱ्याला कधीही देऊ नका.

प्रश्न : औषध कंपनीच्या तज्ज्ञांनी काढलेल्या अंदाजात मागणी घटताना दिसते. केंद्रातल्या परिचारिका म्हणतात, औषध पुरतच नाही. खरं कुणाचं?

उत्तर : बहुधा परिचारिकांचं. वापराच्या नोंदीत साठा संपलेले दिवस कसे धरलेत ते आधी पाहा.

एका केंद्राने ९० दिवसांत ५४० पाकिटं वापरली. साधा हिशेब : महिन्याला १८०. पण त्यातले ३० दिवस कपाट रिकामं होतं. म्हणजे ५४० पाकिटं ६० दिवसांत गेली, दिवसाला ९, महिन्याला २७०. कंपनीने १८० धरून माल पाठवला की पुढच्या वेळी कपाट आणखी लवकर रिकामं होतं, नोंदलेला वापर आणखी घटतो, आणि आलेखावर मागणी उतरताना दिसते. टंचाईच टंचाई वाढवत जाते, आणि तक्त्यात ती काटकसरीसारखी दिसते.

ही दुरुस्ती डोळे मिटूनही करू नका. ९० पैकी फक्त ५ दिवस साठा होता आणि माल आल्या आल्या झुंबड उडाली, तर त्या पाच दिवसांवरून महिन्याचा आकडा काढणं धोक्याचं. अशा वेळी शेजारच्या तशाच केंद्रांचा किंवा गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचा आधार घ्या. ‘वापर’ या शब्दाखाली नेमकं काय मोजलंय तेही विचारा : भांडारातून केंद्राला दिलेला माल, की केंद्रातून रुग्णाच्या हातात गेलेली पाकिटं? दोन्हींत मुदत संपलेला, फुटलेला आणि उसना दिलेला माल एवढा फरक असतो.

अंदाजाचं मॉडेल गुंतागुंतीचं असेल तर त्याने आधी एका साध्या प्रतिस्पर्ध्याला हरवून दाखवावं : ‘गेल्या वर्षी याच महिन्यात जेवढं, तेवढंच’. चाचणी घेताना काळ पुढे सरकवत घ्या, म्हणजे मार्चपर्यंतचा डेटा देऊन एप्रिलचा अंदाज, एप्रिलपर्यंतचा देऊन मेचा. महिने पिसून चाचणी घेतली तर मॉडेलला भविष्य आधीच दिसलेलं असतं. सरासरी चुकीबरोबर चुकीची दिशाही छापा. दर महिन्याला थोडं कमीच सांगणारं मॉडेल हिवतापाच्या हंगामात जिवावर बेततं.

प्रश्न : थंड पेयांच्या कंपनीसारख्या भागीदाराकडे आरोग्याचा काहीच डेटा नसतो. तिचा उपयोग काय?

उत्तर : डेटा मागूच नका, माणसं मागा. ‘प्रोजेक्ट लास्ट माइल’ २०१० मध्ये टांझानियात सुरू झाला. कोका-कोला, एड्स-क्षय-हिवतापाविरुद्ध पैसा पुरवणारा ग्लोबल फंड, अमेरिकी सरकारची तेव्हाची मदतसंस्था यूएसएड आणि गेट्स फाउंडेशन त्यात होते. कंपनीने तिथल्या सरकारी औषध पुरवठा यंत्रणेला दिलं ते वितरणाचं ज्ञान : मार्ग कसे आखायचे, पुरवठ्याची साखळी कशी बांधायची. मार्गआखणी हे चांगलं रुळलेलं गणित आहे, आणि रोज हजारो दुकानं गाठणाऱ्या माणसाला पुलावरून पावसाळ्यात ट्रक जात नाही हे सॉफ्टवेअरच्या आधी ठाऊक असतं.

प्रश्न : मोबाइल कंपनी कॉलच्या नोंदी द्यायला तयार आहे, नावं आणि नंबर काढून. ते पुरेसं सुरक्षित आहे ना?

उत्तर : नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख लोकांच्या मोबाइल नोंदी तपासल्या होत्या. जागा आणि वेळ सांगणारे फक्त चार बिंदू हाती असले तरी ९५ टक्के लोक इतरांतून वेगळे ओळखू येत होते. रात्री कुठे झोपतो, सकाळी कुठे जातो, एवढ्यावर माणूस सापडतो. त्यात क्षयरोग किंवा एचआयव्हीच्या दवाखान्याची जागा जोडली तर काय होईल याचा विचार करा.

पण म्हणून दार बंद करू नका. हा डेटा फार मोलाचा आहे. जानेवारी २०१०च्या भूकंपानंतर हैतीत डिजिसेल कंपनीच्या सुमारे १९ लाख सिमकार्डांच्या हालचालींवरून संशोधकांनी अंदाज काढला की पहिल्या १९ दिवसांत सुमारे ६ लाख ३० हजार माणसं राजधानी पोर्ट-ऑ-प्रिन्स सोडून गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात पटकी (कॉलरा) आली, तेव्हा कंपनीशी संबंध आधीच जुळलेले होते आणि डेटा हाती आल्यापासून १२ तासांत विश्लेषण बाहेर पडलं. केनियात जवळपास १ कोटी ४८ लाख ग्राहकांचा जून २००८ ते जून २००९ चा प्रवास हिवतापाच्या नकाशावर ठेवून पाहिला, तेव्हा व्हिक्टोरिया सरोवराच्या भागातून जंतू नैरोबीकडे कसे जातात ते दिसलं. डासांवर फवारणी नेमकी कुठे केली तर दूरवर फायदा होईल, हे अशा कामातून कळतं.

मागायचं ते असं : कच्च्या नोंदी कंपनीच्या सर्व्हरवरच राहतील, तुमचा प्रोग्रॅम आत जाईल आणि बाहेर फक्त बेरजा येतील. ‘अमुक दिवशी या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात इतकी सिमकार्डं गेली’ एवढा तक्ता साथरोगाच्या कामाला बहुतेक वेळा पुरतो. ज्या खणात आकडा १५ पेक्षा कमी असेल तो झाकायचा. झाकताना वजाबाकी विसरू नका. चार गावांची बेरीज ६० छापली, तीन गावं २२, १८ आणि १७ अशी उघडी ठेवली, तर चौथ्यात ३ आहेत हे कुणीही काढेल. एक खण झाकला की त्या ओळीतला आणखी एक झाकावा लागतो.

निष्कर्ष लिहिताना लक्षात ठेवा : सिमकार्ड म्हणजे माणूस नव्हे. एका घरात एकच फोन असतो, एका खिशात दोन सिमं असतात, लहान मुलांकडे फोन नसतो, आणि विरळ टॉवरच्या भागात एक टॉवर मैलोन्‌मैल मुलूख सांभाळतो. फोन कुणाकडे आहे याचं छोटं घरोघरचं सर्वेक्षण सोबत करा. आणि एकाच कंपनीच्या मर्जीवर सगळं काम उभं करू नका. गुगलने कोविडकाळात दिलेले लोकांच्या हालचालींचे अहवाल ऑक्टोबर २०२२ मध्ये अद्ययावत होणं थांबलं. स्रोत आटला तर पुढे काय, हे पहिल्याच दिवशी ठरवून ठेवा.

प्रश्न : आमच्या एका जिल्ह्याचं लसीकरण ११२ टक्के दिसतं. दात्याला काय सांगू?

उत्तर : जे आहे तेच सांगा : छेद (लस द्यायची एकूण मुलं) चुकला आहे, किंवा अंश (लस दिलेली मुलं), किंवा दोन्ही. आकडा १०० वर कापून मात्र पाठवू नका. त्याने ९६ टक्क्यांवर दिसणाऱ्या शेजारच्या जिल्ह्यातली तशीच चूकही लपते.

छेद बहुतेक ठिकाणी जुन्या जनगणनेवरून पुढे ओढलेला असतो. नायजेरियात शेवटची जनगणना २००६ ची आहे. म्हणूनच तिथे पोलिओच्या कामात उपग्रहाच्या छायाचित्रांवरून वस्त्या शोधून मोहिमांचे नकाशे नव्याने केले गेले आणि हाताने काढलेल्या नकाशांत नसलेल्या वस्त्या सापडल्या. अंशात बाहेरून येऊन लस घेतलेली मुलं असतात, आणि एकच मूल दोनदा मोजलेलंही असतं.

छेद सुधारेपर्यंत त्याची गरज नसलेलं माप वापरा. त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) लसीचा पहिला डोस १२५० मुलांना, तिसरा १००० मुलांना, म्हणजे २० टक्के मुलं मध्येच गळाली. पहिल्यापेक्षा तिसरे डोस जास्त दिसले तर नोंदवही तपासायला माणूस पाठवा.

प्रश्न : कोणत्या रुग्णांकडे आधी जायचं हे मशीन लर्निंगने ठरवावं, असं आमच्या तंत्रज्ञान भागीदाराचं म्हणणं आहे. करावं का?

उत्तर : मॉडेल नेमकं कशाचा अंदाज बांधतं ते विचारा. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या एका प्रणालीवर २०१९ मध्ये शोधनिबंध आला. तिने ‘गरज’ ऐवजी ‘खर्च’ धरला होता. कृष्णवर्णीय रुग्णांवर खर्चच कमी होत असे, म्हणून प्रणालीने गोऱ्या रुग्णांएवढेच गुण दिलेले कृष्णवर्णीय रुग्ण प्रत्यक्षात त्यांच्यापेक्षा जास्त आजारी होते. दुरुस्ती केली तर जादा मदतीसाठी निवडलेल्यांत त्यांचं प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असं संशोधकांनी दाखवलं. तुमच्याकडे ‘दवाखान्यात किती वेळा आला’ हे गरजेचं माप धरत असाल तर जो पोचूच शकत नाही तो यादीत सगळ्यात खाली जाईल.

प्रश्न : भागीदारीमुळेच सुधारणा झाली हे सिद्ध कसं करायचं? आम्ही सर्वांत वाईट ४० केंद्रं निवडली होती आणि वर्षभरात ती बरीच सुधारली.

उत्तर : सर्वांत वाईट निवडली, हीच अडचण आहे. एखादं केंद्र त्या तिमाहीत तळाला असण्यात थोडा भाग दुर्दैवाचा असतो : ट्रक बिघडला, फार्मासिस्ट रजेवर गेला. काहीही केलं नसतं तरी पुढच्या वर्षी त्यातली बरीच केंद्रं वर आली असती. वर सांगितलेले टांझानियातले ७८ आणि २६ टक्के हे आकडेही पहिल्या आणि शेवटच्या आठवड्याची तुलना करतात. ते आशा वाढवणारे आहेत, पण सुधारणेतला किती वाटा कशाचा हे त्यांच्यातून वेगळं करता येत नाही.

पुढच्या टप्प्यासाठी हे करा. सगळीकडे एकदम सुरू करायची ताकद कुणाकडेच नसते, तर मग क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. गाम्बियात १९८०च्या दशकात हिपॅटायटिस बीची लस अशीच सुमारे चार वर्षांत टप्प्याटप्प्याने सगळीकडे नेली होती. ज्यांची पाळी यायची आहे ती केंद्रं तुलनेसाठी आपोआप मिळतात आणि कुणालाही कायमचं वगळावं लागत नाही. अट एकच : पाळी येण्याआधीपासून सगळ्या केंद्रांत मोजणी सुरू हवी. आणि मंत्रिमहोदयांच्या मतदारसंघासाठी क्रम बदलायचा नाही. तो बदलावा लागलाच तर लेखी नोंद ठेवा, विश्लेषणात ते केंद्र वेगळं काढता येईल.

प्रश्न : करारात काय काय असावं?

उत्तर : वकील भाषा पाहतील, मजकूर तुम्ही द्या. कोणते रकाने, किती तपशिलात, किती दिवसांनी. कशासाठी वापरायचे आणि कशासाठी नाही (जाहिरात, विम्याचा हप्ता, औषधविक्रीची उद्दिष्टं हे नावानिशी लिहा). कुणाच्या सर्व्हरवर राहतील. डेटा फुटला तर किती तासांत कुणाला कळवायचं. प्रसिद्धीआधी किती दिवस मसुदा दाखवायचा. शेवटच्या मुद्द्यावर जपा. मसुदा पाहून चुका दाखवण्याचा हक्क भागीदाराला द्या, निष्कर्ष थांबवण्याचा देऊ नका. भागीदारी मोडली तर डेटा आणि प्रोग्रॅम आरोग्य खात्याकडे राहतील, हेही लिहा.

प्रश्न : आमची मासिक आढावा बैठक तीन तास चालते आणि हाती काही लागत नाही.

उत्तर : दोन दिवस आधी एकच पान पाठवा. त्यावर दहा ओळी : सर्वांत अडचणीत असलेली दहा केंद्रं, प्रत्येकापुढे साठा किती दिवसांचा, शेवटची नोंद कधी आली, आणि मागच्या बैठकीत काय ठरलं होतं. शेवटचा रकाना रिकामा ठेवा आणि बैठकीतच सगळ्यांसमोर नाव आणि तारीख हाताने भरा. शेवटची नोंद तीन आठवड्यांपूर्वीची असेल तर त्या केंद्राचा साठ्याचा आकडा छापू नका, तिथे ‘फोन करा’ एवढंच लिहा आणि फोन बैठकीतूनच लावा.